पट्टीभर माघार

नव्या फ्लॅटमध्ये आमची रणभूमी आक्रसली. जुन्या घरात माझा मित्र दिलीप आणि मी शिशाच्या सैनिकांची लढाई मोठ्या डायनिंग टेबलावर खेळायचो. इथे घडीचं टेबल आहे. मग आम्ही शिंप्याची टेप उलटी केली. चोवीस इंच मारणारी तोफ आता चोवीस सेंटिमीटर मारते, बारा इंच दौडणारं घोडदळ बारा सेंटिमीटर. सैनिक मात्र होते तेवढेच राहिले, बोटभर उंचीचे.

पहिल्याच डावात कत्तल झाली. सैन्यं जणू एकमेकांच्या छाताडावरच उभी होती. दिलीपच्या घोड्यांनी माझे भालाईत तुडवले, तोफेनं उरलेली रांग फाडली. फासा टाकावा आणि माणसं आडवी करत जावं. "काप, काप!" दिलीप ओरडत होता. एरवी हा माणूस झुरळसुद्धा मारत नाही.

शेवटी माझी तुकडी मोडली. मोडलेली तुकडी पट्टीभर मागे पळते, हा आमचा जुना नियम. सवयीनं फूटपट्टी घेऊन मी सगळ्यांना एकदम मागे सारलं, तर सगळेच कडेवरून फरशीवर कोसळले.

"अरे, पळणं कमी करायचं राहिलंच की!" दिलीप म्हणाला.

मारणं आम्ही आठवणीनं लहान केलं होतं. भीती तेवढी जुन्याच मापाची राहिली. ती बहुधा कुठल्याच टेबलावर मावत नसावी.

मी वाकलो. एकाची मान तुटली होती. घरंगळत तो दारापाशी पोचला होता. उंबरठा वीतभर राहिला होता.