चादरींचा नळ

कपडे धुऊन पोट भरणाऱ्या त्या बाईंना सगळी गल्ली कडकमावशी म्हणायची. हे नाव कुणी पाडलं कुणास ठाऊक, पण पाडलं ते चपखल. त्यांनी खळ घातलेल्या कॉलरीही कडक आणि त्यांची जीभही कडक. कपड्यावरचा डाग आणि माणसाचा खोटेपणा त्यांना लांबूनच दिसायचा, आणि दोन्हींना त्या सारख्याच घासून काढायच्या.

लढाई सुरू झाली तेव्हा मावशींचं नवं घर अर्धं उभं होतं. चढावर, गल्लीच्या अगदी टोकाला. मागे मोकळी जागा, दोऱ्या बांधायला ऐसपैस, दिवसभर ऊन. उभा जन्म दुसऱ्यांच्या अंगणात कपडे वाळवल्यावर हे घर मायलेकांनी मिळून बांधायला काढलेलं. भिंती खिडकीच्या उंचीला आल्या आणि मुलाला लढाईवर जावं लागलं. मागे उरल्या मावशी, सून आणि गवंडीकाका. गवंडीकाका म्हणजे गल्लीतला म्हातारा कारागीर, कानाने अधू, पण हाताने असा की त्याच्या भिंतीला ओळंबा लावून बघायची कुणाला गरज वाटू नये.

बांधकामासाठी पाणीखात्याने अंगणात नळ दिला होता. मावशींच्या लेखी घरापेक्षा तो नळच मोठा. आधीच्या भाड्याच्या खोलीत पाणी उताराखालच्या सार्वजनिक नळावरून आणावं लागे. सुनेचं पहिलं गरोदरपण तिथंच वाया गेलं, दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या घेऊन पायऱ्या चढताना. त्यावर सासू-सुना कधी बोलल्या नाहीत. आता सुनेला पुन्हा दिवस गेले होते, आणि मावशींनी मनाशी पक्कं केलं होतं की या वेळी पोरीने बादलीला हात लावायचा नाही.

घर पुरं होत आलं तेव्हा पाणीखात्याचा माणूस सांगून गेला की नळ कापायला येतोय. मावशी तडक कचेरीत गेल्या.

साहेब चष्मा पुसत होते. "बाई, नव्या इमारतींना पाणी आणि वीज जोडायला बंदी आहे. लढाई संपेपर्यंत. लोखंड, तांबं, शिसं, सगळं आघाडीवर हवंय."

"पण मला जोडून कुठं हवंय? नळ आहे की अंगणात. वाहतोय."

"तो बांधकामाचा. तात्पुरता. आधी सुरू झालेल्या बांधकामाला काम पुरं होईपर्यंत पाणी द्यायचं, असं हुकमात स्पष्ट आहे."

"आणि पुरं झाल्यावर?"

"कापायचा."

"म्हणजे सिमेंटला पाणी आहे, माणसाला नाही?"

"हुकूम मी काढलेला नाही, बाई. मी फक्त अंमल करतो."

हे वाक्य ज्याने पहिल्यांदा तोंडातून काढलं त्याला सोड्याच्या पाण्यात घालून उकळायला हवं होतं, असं मावशींचं कायमचं मत झालं, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं. वीतभर नळी लागणार नव्हती. उलट असलेली नळी कापायला माणूस, करवत आणि हातगाडी पाठवायची होती. वाचणार काय होतं, तर काही नाही. पण हुकूम म्हणजे हुकूम, आणि साहेबांना डोकं फक्त टोपीसाठी दिलेलं असावं.

घरी येईपर्यंत मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. गवंडीकाका दर्शनी भिंतीचा शेवटचा थर चढवत होते. मावशी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "काका, ही भिंत पाडा."

"वाकडी आहे?"

"सरळ आहे. म्हणून तर."

घर पुरं झालंच नाही तर नळही कापता येणार नाही, हे काकांना समजायला वेळ लागला आणि समजल्यावर रागच आला. आपण बांधलेली भिंत आपणच पाडायची, हे त्यांना स्वतःच्या पोराला बदडण्यासारखं वाटलं. त्यांनी थापी खाली ठेवली आणि घरी जायला निघाले. तेवढ्यात सून दारात आली, कमरेवर हात ठेवून, हळूहळू. काकांनी तिच्याकडे पाहिलं, उताराखालच्या पायऱ्यांकडे पाहिलं, आणि पहार उचलली.

मग हा खेळ सुरू झाला. काका भिंत चढवायचे, छातीपर्यंत आली की उतरवायचे, पुन्हा चढवायचे. मावशी म्हणायच्या, "अहो, नुसत्या मातीत रचा, पाडायला सोपं." पण काकांचा हात ऐकेना. दर वेळी विटा भिजवून, सांधे भरून, दोरी लावून ते अशी पक्की भिंत बांधायचे की पाडताना दोघांच्याही नाकी नऊ यायचे. घराच्या दर्शनी बाजूला भिंतीऐवजी चादरी टांगलेल्या असत. थंडी आली तसा वारा घरात हवा तसा फिरू लागला, आणि सासू-सुना आतल्या खोलीत एका रजईखाली दात वाजवत झोपू लागल्या. नळ मात्र वाहत होता.

तपासणीला यायचा तो माणूस सतत सर्दीने बेजार. तो नाक पुसत भिंतीकडे बघायचा, "काम चालू" असं लिहायचा आणि निघून जायचा. त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याचीही बायको उताराखालूनच पाणी भरायची.

आता मावशी या पाण्यावर धूत काय होत्या, तेही सांगायला हवं. गावात जखमी सैनिकांसाठी लष्करी इस्पितळ उघडलं होतं. त्याच्या चादरी रोज गाठोड्यांनी मावशींकडे यायच्या. कोपऱ्यावर काळा शिक्का, आणि मधोमध जे काही असायचं ते असायचं. रक्ताला गरम पाणी चालत नाही, डाग बसतो. आधी गार पाण्यात भिजत घालावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा बदलून. मावशी एकेक डाग चोळताना बोलत नसत. कुणाच्या तरी मुलाचं आहे, एवढंच मनात यायचं, आणि मग त्या जास्तच जोराने चोळायच्या.

साहेबांचं डोकं एकाएकी चालू लागलं ते अधिकाऱ्यांच्या क्लबापायी. क्लबाच्या बागेत नवं कारंजं बसलं. नवी नळी, नवी तोटी, पाण्यात सोडलेले मासे. कागदावर त्याला "दुरुस्ती" म्हटलं होतं. टेबलांवर घालायची कापडं धुऊन पोचवायला गेलेल्या मावशींनी ते पाहिलं आणि क्लबाच्या दारात उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की या माशांपैकी आघाडीवर कोण कोण जाणार आहे. त्या वेळी साहेब आत चहा पीत होते.

दुसऱ्याच दिवशी तपासनीस आला. बरोबर करवतवाला. मान वर न करता त्याने वाचून दाखवलं, "सदर बांधकाम पूर्ण झाले असे समजण्यात येत आहे."

"पूर्ण?" मावशींनी टांगलेली चादर बाजूला केली. समोर घराला भिंत नव्हती. आतली चूल, खाट, सुनेचे वाळत घातलेले कपडे, सगळं रस्त्यावरून दिसत होतं. "कुठून पूर्ण दिसतंय, ते बोट दाखवून सांगा."

"मावशी, मला समजायला सांगितलंय," तो हळूच म्हणाला. "बघायला नाही."

करवतवाल्याने नळी कापली आणि तोंडावर लाकडाची खुंटी ठोकली. संध्याकाळी मावशी दोऱ्यांवरून कपडे उतरवून आल्या, तर सून घरात नव्हती. बादलीही नव्हती. मावशी चपला न घालता धावल्या. सून पायऱ्यांच्या मधोमध बसली होती, एका हाताने कठड्याला धरून, आणि बादली शेजारी तशीच भरलेली. "काही झालं नाही," ती म्हणाली. "नुसता दम लागला." मावशींनी बादली तिथंच ओतून दिली.

सकाळी त्यांनी हातगाडी काढली. इस्पितळाची न धुतलेली सगळी गाठोडी त्यावर रचली, काकांना ढकलायला लावलं, आणि पाणीखात्याच्या दाराशी नेऊन एकेक गाठोडं सोडलं. त्या चादरी कालच्या होत्या, परवाच्याही होत्या. कचेरीतले लोक नाकाला रुमाल लावून खिडक्या बंद करू लागले. कचेरीच्या मागे, मावशींना जाता जाता दिसलं, कापून आणलेल्या नळ्यांचा ढीग पडला होता. गंजलेला. आघाडीवर त्यातली एकही गेली नव्हती.

साहेब बाहेर आले. "हा काय प्रकार आहे?"

"या चादरी धुतल्या आहेत असं समजण्यात यावं," मावशी म्हणाल्या, आणि घरी निघून गेल्या.

इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांना दुपारी बिनचादरीच्या खाटा दिसल्या. ते साहेबांना काय बोलले ते कुणी सांगत नाही, पण दिवस मावळायच्या आत हुकमातच एक कलम सापडलं. युद्धकार्यास आवश्यक असल्यास जोडणी देता येईल. इतके दिवस ते कुठं दडून बसलं होतं कोण जाणे. करवतवाल्यानेच येऊन नळी जोडली आणि वर पत्र्याची पाटी ठोकली: फक्त लष्करी कपड्यांसाठी. घरगुती वापर केल्यास जोडणी तोडली जाईल.

गल्लीतले लोक म्हणाले, मावशींनी साहेबांना पाणी पाजलं. मावशींना मात्र हसू आलं नाही. पाणी मिळालं होतं ते चादरींना. पोटुशी पोर त्यांच्या कलमात कुठंच बसत नव्हती. गवंडीकाकांनी भिंत शेवटची बांधली आणि बजावलं, "आता पाडायला सांगाल तर आधी मला पाडा."

त्या भिंतीआड, सुखरूप, मुलगी झाली.

काही दिवसांनी तपासनीस पाटीप्रमाणे वापर होतोय की नाही ते बघायला आला. मावशी नळापाशी पाय पसरून बसल्या होत्या. नळाच्या पाण्यात थोडं ऊन पाणी मिसळलेलं, आणि पायांवर चादरीत गुंडाळलेलं बाळ. मावशी वरून हलक्या हाताने पाणी घालत होत्या.

"मावशी," त्याने नाक पुसलं, "हा नळ फक्त..."

"वाचता येतं मला. चादर धुतेय."

"चादरीत बाळ आहे."

"शिक्का बघा कोपऱ्यावर. लष्कराचीच आहे." मावशींनी मान वर केली. आवाज चढला नव्हता, पण गल्लीतल्या दोन दारांतून माणसं बाहेर आली. "हिच्या बापाला तुम्ही घेऊन गेलात, तेव्हा तो आवश्यक होता. त्याचं रक्त चादरीला लागलं तर त्या चादरीला पाणी आहे. त्याच्या लेकीला नाही. असाच आहे ना तुमचा हुकूम? मग असू दे. लिहा तुमच्या कागदावर. चादर, एक. लहान."

बाळाने पाण्याखाली तोंड वेडंवाकडं केलं. तपासनीसाने खिशातून पेन्सिल काढली आणि खरोखरच तसं लिहिलं.