माळवदावरची माती

आभाळ निरभ्र असताना पायांखाली मेघ गरजावा, अशी ती गर्जना! औंढ्याजवळच्या आमच्या गावी ती भरदुपारीही येते. रांजणातल्या पाण्यावर सुरकुती उमटते, चिमण्या एकाएकी गप्प होतात, आणि माळवदाच्या, मातीच्या सपाट छताच्या, फटींतून मातीची बारीक धार आक्काच्या पदरावर उतरते. जणू कुणी अदृश्य हातानं वर चाळण धरली आहे. मग सगळं पूर्ववत. ती नंतरची शांतताच अधिक भयाण.

मी कळमनुरीच्या शाळेत भूगोल शिकवतो. जिला आपण अचला म्हणतो, ती भूमी कुठे अचल आहे? आपला सारा भूखंड, नखं वाढावीत अशा संथ गतीनं, उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटतो आहे. आणि त्या रेट्याचा ताण, कधीकाळी लाव्हा होऊन वाहिलेल्या आमच्या काळ्या खडकाखालच्या पुरातन भेगांत साचत राहतो. एखादी भेग कणभर सरकते. तिच्यातून सुटलेली पहिली, वेगवान लाट ध्वनी होऊन कानी येते. घर हलवणारी दुसरी तिच्या मागून. म्हणजे गडगडाट ऐकू येतो तेव्हा खाली जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. मनाचंही असंच नसतं का?

आमच्याकडे छत गळू नये म्हणून पावसाळ्याआधी माळवदावर नव्या मातीचा थर देतात. जुना थर मात्र कुणी काढत नाही. आई गेल्यावर आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, मला याच छताखाली वाढवलं. आणि दर उन्हाळ्यात टोपल्या वर चढवत आलो तो मीच. पाण्यापासून राखण करता करता आम्ही डोक्यावर टेकडी रचली. भूकंपात धरणी मारत नाही, असलं जड छत मारतं, हे मी वर्गात सांगतो. घरी आक्काला सांगितलं नाही.

“मास्तर, मी आंगणात निजू का?” आक्का थट्टेनं विचारायची.

“काही होत न्हाई, आक्का. बारके धक्के असतात.”

खोटं होतं ते. छत धोक्याचं म्हटलं असतं, तर तिला कळमनुरीला माझ्या घरी न्यावं लागलं असतं. आणि माझ्या त्या नीटस, दोघांपुरत्या संसारात मला ती नको होती. झालं, लिहून टाकलं.

परवा त्या धारेबरोबर मुठीएवढं ढेकूळ पडलं, थेट तिच्या उशीवर. ती चुलीपाशी होती, म्हणून वाचली. तिला अंगणातल्या कडुलिंबाखाली बसवून मी फावडं घेतलं आणि माळवदावर चढलो.

“काय करून राहिला रे?”

“माती काढून राहिलो.”

“काहून? जन्मभर तूच तर चढवली!”

मी थांबलो. “आक्का, हे छत जीव घेईल. मला लई दिसांपासून ठावं होतं. माझ्या घरी चल.”

ती पदराला लागलेली माती झटकत राहिली.

“मला बी ठावं होतं,” ती शेवटी म्हणाली. “तू काहून बोलत न्हाईस, ते.”

आणि तेवढ्यात ती गर्जना आली. चिमण्या गप्प झाल्या. आक्का उठून उभी राहिली. केस पिकलेल्या मला तिनं हाक मारली, “लेकरा, उतर खाली!”

मी उतरलो. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. आम्ही दोघं लिंबाखाली दुसऱ्या लाटेची वाट पाहत उभे राहिलो; वर अजून कितीतरी थर बाकी होते.