टाचणीबाईंची शिट्टी

टाचणीबाई म्हणायचे त्यांना सगळे. चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशीन चालवलं, आणि त्या चाळीस वर्षांत ओठांत चारसहा टाचण्या नाहीत असं त्यांचं तोंड कुणी क्वचितच पाहिलं असेल. टाचण्या धरूनही बाई बोलत, आणि काय बोलत! मापाला कुणी पोक काढून उभा राहिला की म्हणत, "ताठ उभे राहा, नाहीतर कोट वाकडा व्हायचा आणि नाव माझ्या कात्रीचं जायचं." माणूस ताठ. एकदा तर चर्चचे पाळकसाहेबसुद्धा ताठ!

आता उतारवयात काम कमी झालं होतं, तोरा मात्र तसूभरही कमी नाही. वरखाली दोन्ही कवळ्या बसवल्याशिवाय बाई खिडकीतसुद्धा उभ्या राहायच्या नाहीत. पोटच्या मुलीनेही त्यांचं बोळकं कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी आणि जावई शेजारच्याच घरात राहत. जावई रंगारी. शिडीवर चढला की त्याची शिट्टी सुरू. गल्लीत कुणाकडे रंगकाम निघालंय, हे रंगाच्या वासाआधी शिट्टीनेच कळायचं. चाली सगळ्या उपासनेतल्या गीतांच्या, आणि अशा गोड की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हावा. पण हाच गडी तोंड उघडून गायला लागला, तर दारातलं मांजर उठून पलीकडच्या घरी जायचं.

जावई चर्चच्या खिडक्या रंगवत असताना पाळकसाहेबांनी ती शिट्टी खाली उभं राहून तासभर ऐकली. मग म्हणाले, "अरे, देवाने दिलेलं हे दान तू शिडीवरच संपवणार का? उपकारस्तुतीच्या रविवारी मंडळीसमोर वाजव. तीन कडवी."

जावई हरखून घरी आला. टाचणीबाई मात्र भडकल्या.

"उपासनेत शिट्टी? उद्या चुटक्या वाजवून चहाही मागवा तिथे!"

"अहो आई, पाळकसाहेबच म्हणाले."

"त्यांना काय, ते उंच व्यासपीठावर बसतात. मला तुमची सासू म्हणून पहिल्या बाकावर बसायचंय!"

यात आतली गोष्ट वेगळीच होती. बाई आठ वर्षांच्या असताना वडिलांच्या शेळ्या राखायच्या. शिट्टी मारली की टेकडीपलीकडची शेळी कान टवकारून परत यायची. शेळ्या जमल्या की मग बाई रविवारची गीतं वाजवायच्या, एकट्याच, आभाळाकडे बघत. पुढचे दात पडलेले असतानाच त्या शिकल्या होत्या, त्यामुळे दातांची गरज कधी लागलीच नाही. एक दिवस चर्चमधल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी ऐकलं आणि आईसमोर सुनावलं, "शिट्ट्या मारणारी मुलगी देवाला आवडत नाही." झालं. तेव्हापासून बाईंची शिट्टी बंद. पुढे टाचण्या आल्या, ओठांना काम मिळालं. पण जावई शिडीवर वाजवायला लागला की बाईंचं मशीन थांबायचं, हे मशीनला ठाऊक होतं.

गुरुवारी जावई बाईंच्याच मागच्या दाराची चौकट रंगवत उकिडवा बसला होता. एका हातात डबा, दुसऱ्या हातात फडकं, म्हणून ब्रश चिरुटासारखा दातांत धरलेला. बाईंनी आतून दार ढकललं. ब्रशचा दांडा आत गेला आणि पुढचा दात बाहेर आला.

दंतवैद्याने रक्त थांबवलं आणि नव्या दातासाठी पंधरा दिवसांनी बोलावलं. संध्याकाळी जावयाने ओठ गोल करून फुंकलं, तर नुसतंच फुस्स. सायकलच्या ट्यूबमधून वारा निघावा तसं.

मुलगी म्हणाली, "आई, झालं ना तुझ्या मनासारखं?"

गमतीतच म्हणाली ती. पण ती टाचणी बरोबर बसली. बाईंना जेवण गेलं नाही. आपल्याला एकदा कुणीतरी गप्प केलं होतं, आज आपण दुसऱ्याला केलं, हे त्यांच्या मनातून जाईना.

सकाळी त्या जावयाच्या दारात उभ्या राहिल्या. मुलगी बाजारात गेली होती. "जावईबापू, दार लावा. आणि आता जे बघाल, ते कुणाला सांगितलंत तर दुसरा दातही काढीन."

भिंतीकडे तोंड करून बाईंनी दोन्ही कवळ्या रुमालात घेतल्या. वळल्या तेव्हा गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. जावयाने हसू गिळलं.

"जीभ वर वळवा. टाळूला चिकटवू नका, मध्ये फट ठेवा. ओठ ढिले." आणि बाईंनी फुंकलं.

एवढ्या वर्षांनी! पहिला सूर जरा खरखरला, दुसरा स्वच्छ निघाला. जावयाचं हसू कुठल्या कुठे पळालं.

"आई, हे... रविवारी तुम्हीच वाजवा."

"वेड लागलंय का? अख्ख्या मंडळीसमोर बोळकं दाखवू? कवळी घातली की टाळू झाकते, शिट्टी निघत नाही. तुम्ही शिका मुकाट्याने."

दोन दिवसांत तो शिकला.

रविवारी चर्च भरलं. पहिलं कडवं असं गेलं की मागच्या बाकावरची पोरंही चुळबुळायची थांबली. दुसऱ्याच्या मध्यावर जावयाची नजर पहिल्या बाकाकडे गेली. टाचणीबाई तोंड मिटून, गाल हलवून, भुवया उडवून प्रत्येक सूर त्याच्याबरोबर मनात वाजवत होत्या. त्याला खुदकन हसू आलं. आणि हसरे ओठ शिट्टीच्या काय कामाचे? फुस्स. पुन्हा प्रयत्न, पुन्हा फुस्स. मागे कुणीतरी खिदळलं. जावयाचे कान लाल झाले. पाळकसाहेब घसा खाकरून उठायला लागले.

बाईंनी आधी पाळकांकडे पाहिलं, मग जावयाकडे, मग वर. "देवा," त्या पुटपुटल्या, "तुला आवडत नसेल तर आत्ताच सांग." वरून काहीच हरकत आली नाही.

त्यांनी रुमाल तोंडापाशी नेला, कवळ्या काढल्या, रुमालाची पुरचुंडी मुलीच्या मांडीवर ठेवली आणि उभ्या राहिल्या. ताठ. गाल बसलेले, हनुवटी पुढे, सगळ्या जगासमोर. आणि जावयाने जिथे सोडलं होतं, नेमकं तिथून कडवं उचललं.

खिदळणारा गप्प झाला. पाळकसाहेब अर्धे उठलेले तसेच राहिले, ना बसलेले ना उभे. तो सूर छताला लागून खाली आला तेव्हा काही म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, आणि मुलगी मांडीवरच्या पुरचुंडीकडे बघत एकाच वेळी रडत आणि हसत बसली.

दुसरं कडवं संपलं. जावई वाकून कुजबुजला, "आई, तुम्ही तर..."

"कौतुक मागाहून करा," बाई बोबड्या तोंडाने म्हणाल्या. "तिसरं राहिलंय. या, दोघं मिळून वाजवू. आणि खबरदार, माझ्याकडे बघाल तर!"