ठिपका हलतो का

"कृष्णविवराचं खाणं थांबलं, तं भोवतालची धूळ थंडी व्हायले किती वेळ लागते?"

याचं उत्तर मला कोणी दिलंच नाही. दादा गेल्यापासून भरवेलीच्या माझ्या गॅरेजवर कोणी चहाला बसलं, की त्या तिघांचा एक किस्सा निघतो. तो संपत नाही तोच दुसरा मागून हॉर्न वाजवतो!

दादा बालाघाटला कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. रेखाताई आणि शकील त्याचे जुने विद्यार्थी. आमच्या पुढच्या खोलीत बसून तिघं अंतराळातल्या दुर्बिणीचे इन्फ्रारेड फोटो तपासायचे. दूरच्या आकाशगंगांमधली खादाड कृष्णविवरं शोधायचे. मी आठवीत शाळा सोडलेला. माझं काम चहा आणि गाडी.

*

मी विचारलं, "काळं हाय, तं दिसते कसं?"

दादाने मला अंगणात नेलं. गाडी नुकतीच बंद केली होती.

"सायलेन्सर तापलं हाय, दिसून राह्यलं का?"

मी थेट हात लावला!

"अबे, नुसता जवळ नेला असता तरी समजलं असतं! विवर दिसत नाही. त्यात पडणारा माल तापते, त्याच्यानं भोवतालची धूळ तापते. ती धूळ इन्फ्रारेडमध्ये दिसते."

रेखाताई बर्फ घेऊन धावली. "सर, याले आता काही शिकवू नका!"

*

एकदा शकील ओरडला, "सर, मिल गया!" ठिपक्याचा रंग अगदी विवरासारखा. मी धावत जाऊन पेढे आणले.

दादाने त्याच जागेचे दुर्बिणीचे दोन फोटो उघडले, एक जुना, एक काही वर्षांनंतरचा. बटण दाबून तो आलटून पालटून पाहू लागला. ठिपका जरासा सरकला.

"हा आपल्याच आकाशगंगेतला थंडा तारा हाय. जवळचा हाय म्हणून सरकला. विवर लय दूर असते, ते जागचं हालत नाही."

शकील पेढा तोंडात धरून बसलेला.

"गिळ आता," रेखाताई म्हणाली, "ताऱ्याच्या नावानं!"

*

मग दादाच्या किडन्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, आजच नागपूरला न्या. दादा जागचा उठेना.

"शेवटचा एक ठिपका राह्यला, गुड्डू. रंग जुळला. फक्त हालते का, तेवढं पाहतो."

माझं डोकं फिरलं. लॅपटॉप उचलला आणि गाडीत टाकला.

"हा चालला नागपूरले! तुले याचं काम असन, तं तू बी चाल!"

दादा निमूट गाडीत येऊन बसला.

*

वॉर्डात त्याने लॅपटॉप मागितला.

"सिस्टर, एकच गोष्ट पाहायची आहे. हलते की नाही."

"तुम्ही हलू नका! सुई निघेल!"

दादा हसला. तेवढ्यात मी तो धुळीचा प्रश्न विचारला. त्याने डोळे मिटले. झोप लागली असेल म्हणून मी लॅपटॉप बाजूला ठेवला.

*

तेरवी झाल्यावर रेखाताई आणि शकील आले. लॅपटॉप उघडला. रेखाताईने बटणावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. शकील दारातच उभा.

"गुड्डू, तू देख. हमसे नहीं होगा."

मी दादाच्या खुर्चीत बसलो. जुना फोटो. नवा फोटो. जुना. नवा. डोळ्यांत पाणी आलं, की ठिपका हलल्यासारखा वाटायचा. डोळे पुसायचे, परत पाहायचं.

"हालला काय रे?" रेखाताईने विचारलं.

मी आणखी एकदा बटण दाबलं.

"नाही, ताई. नाही हालला."