कार्डावरचे चव्वेचाळीस श्वास

एकवीस वर्षं ती तान्ह्या बाळांच्या घरांचे उंबरे झिजवत होती. खांद्याला पिशवी, पिशवीत थर्मामीटर आणि झोळीचा वजनकाटा, आणि छातीवर पिनेने अडकवलेलं घड्याळ. म्हणून गल्लीबोळांत तिचं नावच पडलं होतं, घड्याळबाई. बाई दारात दिसली की बाळं आपले श्वास आपणच मोजून ठेवतात, अशी बायका थट्टा करायच्या.

दवाखाना लहान. रक्त तपासायला पाठवावं तर निकाल यायला तीन-चार दिवस, आणि तान्ह्या जिवाला तेवढी सवड नसते. बाळाच्या अंगात जंतू पसरलेत की नाही, ते खुणांवरूनच ओळखायचं. दूध ओढतंय का, अंग तापलंय की गार पडलंय, हातपाय हलवतंय का, छाती आत खेचली जातेय का, आणि मिनिटाला श्वास किती. साठ किंवा त्याहून जास्त भरले की वाट बघायची नाही. नव्या नर्सना हे सगळं तीच शिकवायची. पूर्ण मिनिट मोजा, अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करू नका, असं दहादा बजावायची.

त्या दिवशी तिने अर्धं मिनिटही मोजलं नाही.

टेलरचं घर हे सकाळपासूनचं पाचवं. गुडघे ठणकत होते. पुढच्या खोलीत टेलर मशीनवर बसलेला, मागच्या खाटेवर तीन दिवसांचं बाळ दुपट्यात गुंडाळून झोपलेलं. टेलरच्या बायकोने, बाळाच्या आजीने, चहा पुढे केला आणि कौतुकाने म्हणाली, नात फार गुणाची आहे, रडतच नाही. दाराशी उभी असलेली सून हळूच म्हणाली की कालपासून ही नीट ओढत नाही, दोन घोट घेते आणि झोपी जाते.

"अगं, पहिलटकरणीला असंच वाटतं," घड्याळबाई म्हणाली. "पाचव्या बाळाला आई मान वळवूनसुद्धा बघत नाही."

सासू हसली. सगळे हसले म्हणून सूनही हसली. झोपलेलं बाळ कशाला उठवा, असं म्हणत घड्याळबाईने मांडीवर कार्ड घेतलं आणि भराभर लिहिलं: दूध नीट पितं, अंग कोमट, श्वास चव्वेचाळीस. हा तिचा ठेवणीतला आकडा. ना कमी ना जास्त, कुणी खोदून विचारू नये असा. तो तिने पहिल्यांदाच लिहिला होता अशातलाही भाग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून बाळाला घेऊन चालत दवाखान्यात आली. दूध ओढत नाही, आता तर तोंडही उघडत नाही, असं तिने सांगितलं. डॉक्टर तरुण होता, बाहेर गर्दी होती. त्याने कार्ड पाहिलं.

"काल तर नीट पितं असं लिहिलंय. आमच्या बाई चुकायच्या नाहीत."

त्याने बाळाच्या छातीला नळी लावून पाहिली. श्वास जरा भरभर आहे, पण उन्हातून आल्यामुळे असेल, तासभर बाहेर बसा, पाजून बघा, मग पुन्हा पाहू, असं सांगितलं. सुनेने घड्याळबाईकडे पाहिलं. ती कोपऱ्यात लसीच्या नोंदी करत होती. एक वाक्य बोलली असती तरी पुरलं असतं.

दहा मिनिटं ती नोंदीच लिहीत राहिली. मग तिला बसवेना. ती बाहेर बाकावर गेली, दुपटं सोडलं आणि घड्याळ हातात धरून पूर्ण मिनिट मोजलं. बहात्तर. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. पाय गार होते. तळव्यावर टिचकी मारली तर नुसतं बोट हललं.

धावतच आत जाऊन तिने डॉक्टरला हे सगळं सांगितलं. कालचं मात्र सांगितलं नाही. त्याने लगेच दोन इंजेक्शनं दिली, बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधलं आणि गाडी मोठ्या दवाखान्याकडे निघाली.

"तुम्ही पुन्हा पाहिलंत म्हणून," डॉक्टर म्हणाला, "नाहीतर मी बसवूनच ठेवलं होतं."

बाळ वाचलं. महिन्याच्या बैठकीत डॉक्टरने ही गोष्ट सगळ्यांना सांगितली, टाळ्या पडल्या. घड्याळबाई मान खाली घालून बसली होती. लोकांना तो तिचा साधेपणा वाटला.

सोळा दिवसांनी बाळ घरी आलं, तेव्हा तिला टेलरकडे जाणं भाग होतं. सासूने तिला खुर्ची दिली, तिचे हात हातात घेतले. तुमच्यामुळे नात दिसली म्हणाली. आमच्या सुनेला कुठलं कळायला, मोठ्या दवाखान्यात चारचौघांत तिला बोलले, दोन दिवस काय करत होतीस म्हणून.

सून बाळाकडे बघत होती. "माझंच लक्ष नव्हतं," ती म्हणाली.

तिला ते खरंच वाटत होतं.

"तुझं लक्ष होतं," घड्याळबाई म्हणाली. "तू मला सांगितलं होतंस. मी त्या दिवशी बाळाला हातही लावला नाही. श्वास मोजले नाहीत. तो आकडा मी मनानेच लिहिला."

टेलरचं मशीन थांबलं. सासूने हात सोडले.

"मला वाटलं, मीच वेडी आहे," सून म्हणाली, आणि बाळाला घेऊन आत गेली.

तिथून घड्याळबाई तडक डॉक्टरकडे गेली आणि त्यालाही सांगितलं. तो चिडला नाही. श्वास तर त्यानेही मोजले नव्हते. मग त्याने वरिष्ठांना कळवलं. तिला लेखी समज मिळाली. कागद कपाटात गेला आणि नोकरी टिकली, पण शिकवायचं काम तिने आपणहून सोडलं. नव्या पोरींसमोर तोंड उघडायची तिला लाज वाटे.

मुलगी आता तीन वर्षांची आहे. तिला एका कानाने कमी ऐकू येतं. ते आजाराने, औषधाने की जन्मापासूनच, हे कुणालाच सांगता आलं नाही. घड्याळबाईने मात्र ते आपल्यामुळेच, असं स्वतःपुरतं ठरवून टाकलं आहे. आता ती घरी गेली की आधी आईला विचारते, आईचे शब्द आहेत तसे लिहून घेते आणि मगच बाळाचं दुपटं सोडते.

लसीच्या दिवशी टेलरची सून येते. दोन टेबलं मांडलेली असतात. घड्याळबाईच्या टेबलापाशी कुणी नसलं, तरी ती मुलीचा हात धरून दुसऱ्या रांगेत उभी राहते. घड्याळबाई तिला बोलवत नाही.