नऊ अंडी आणि ओल

आईच्या कोंबडीचा वंश माझ्या हातून बुडाला, हे आधीच सांगून टाकतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती कवठे महांकाळहून, माहेरून येताना एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, पदराखाली घेऊन आली होती. पुढे तिचे भाऊ गेले, माहेरचं घर विकलं गेलं. उरली ती त्या तलंगीच्या लेकी-नातींची ओळ. गेल्या उन्हाळ्यात त्यातलीही एकच कोंबडी राहिली होती आणि ती नऊ अंड्यांवर बसली होती.

ती बसल्याच्या बाराव्या दिवशी आई न्हाणीत पडली. खुबा मोडला. तिला गाडीत घालून मी मिरजेच्या दवाखान्यात पळालो आणि खुराड्याची कडी लावायची राहिली. संध्याकाळी परत आलो तर कुत्र्यानं कोंबडी नेलेली, अंगणभर पिसं. अंडी मात्र अजून कोमट होती.

खुबा मोडला तेव्हा आई रडली नव्हती, फोनवर हे ऐकून रडली. मग नाक ओढून म्हणाली, "अंडी हायती न्हवं? ऊब दे त्यास्नी. आन शेवटाला पाणी शिंपडत जा. कोरडं पडलं की पिल्लू आत आडकतंय."

मी "व्हय" म्हटलं. थर्माकोलचा खोका आणला, हवेसाठी भोकं पाडून त्यांत बोळे बसवले, त्याच्या झाकणाला काच बसवली, आत बल्ब, पाण्याची वाटी आणि ओल मोजायचं छोटं मीटर ठेवलं. मोबाईलवर बघून सगळं शिकलो. दिवसातून तीनदा अंडी फिरवायची. एकवीस दिवसांतले शेवटचे तीन दिवस मात्र ती हलवायची नाहीत, झाकण उघडायचं नाही आणि आतली ओल वाढवायची. मला हे पाठ होतं. पाठ असून काय उपयोग!

मी तासगावचा बेदाणेवाला. वीस वर्षं शेडमध्ये एकच काम केलंय, ओल हाकलायचं. द्राक्षं जाळीवर पसरली की कुठं दमट वास येतो का याच्यावर नाक, आणि आला की पडदे वर करून वारा खेळवायचा. नाहीतर माल काळा पडतो. विसाव्या दिवशी खोक्याच्या काचेवर आतून पाण्याचे थेंब दिसले. काही विचार करायच्या आत मी भोकांचे बोळे काढले, झाकण उचललं, वाटी बाहेर घेतली. मीटर खाली आलं तसं मला बरं वाटलं. मूर्खासारखं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका अंड्याला टवका गेला होता आणि आतून चिवचिव येत होती. तेवढ्यात आईचा फोन आला. मी फोन खोक्याच्या भोकाशी धरला. ती शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला सांगताना मला ऐकू आलं, "आवं, आयका की. माज्या म्हायेरची पिल्लं हायती ही."

दुपारपर्यंत टवका होता तेवढाच राहिला. पिल्लू दमलं असेल, विसावा घेत असेल, असं मी स्वतःला समजावत राहिलो. दिवस मावळायच्या आत आवाज थांबला. बाकीच्या आठांना तर टवकाही गेला नाही.

दोन दिवसांनी आईला घरी आणलं. खाटेवर टेकताच तिनं खोका मागितला. मी गाडीत बरीच वाक्यं जुळवली होती, पण नुसता खोका तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं टवक्याचं अंडं उचललं आणि नखानं कवच सोलत गेली. आतला पापुद्रा वाळून कागदासारखा झाला होता आणि पिल्लाच्या अंगाला घट्ट चिकटला होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"बेदाणा केलास रं ह्येचा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग खाली बघतच तिनं विचारलं, "फोनवर वरडत हुतं, त्ये ह्येच व्हय?"

"व्हय."

तिनं ते अंडं पदराखाली घेतलं आणि तशीच बसून राहिली.