कपलिंगजवळची रेघ

अग्निशमन केंद्रात सगळे त्यांना होजमास्तर म्हणत. चोवीस वर्षं आगीवरचे कापडी होजपाइप त्यांनी धुतले, वाळवले, तपासले. गाडीच्या पंपाने पाणी सोडायचं आणि फुगलेल्या पाइपावर तळहात फिरवत टोकापर्यंत जायचं. कुठे विरलंय, कुठे पाझरतंय, हाताला कळायचं. बायको म्हणायची, लग्नात माझा हात धरलात तेवढाच, बाकी जन्म त्या पाइपांचा.

मग पाइप तपासायची चाकांवरची पेटी आली. प्रवासी बॅगेएवढी. ओढत कुठेही न्यावी, पाइप जोडावा, की काटा नेमका दाब दाखवतो. दाब असताना पाइपाला हात लावायचा नाही, असा नियमही तिच्याबरोबर आला. आणि ती शिकायला साहेबांनी धाडलं मेहुण्याला. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला इथे चिकटवला होजमास्तरांनीच.

तेव्हापासून त्यांच्या पोटात दुखू लागलं. घरी भावाचं कौतुक निघालं की घास उतरेना. देवापुढे हात जोडून ते म्हणत, मला काही नको, फक्त त्या पेटीचं एकदा हसं होऊ दे. असं मागू नये हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून अगदी हळू मागत.

साहेब चाचणी बघायला येणार होते. पेटी पसंत पडली की तपासणीचं काम कायमचं मेहुण्याकडे जाणार होतं.

त्या सकाळी मेहुण्याने सहा पाइप अंगणात पसरले. टोकाला बसवलेल्या पितळी कपलिंगला अगदी लागून प्रत्येकावर पेन्सिलीची रेघ मारली. दाबाने कपलिंग सरकलं, तर रेघ त्याच्यापासून दूर दिसते आणि पाइप बाद होतो. मेहुणा साहेबांना आणायला गेला. होजमास्तरांनी अंगठा ओला करून चौथ्या पाइपावरची रेघ पुसली आणि बोटभर अंतरावर नवी मारली. तो पाइप ठणठणीत होता. मेहुणा त्याला बाद करील, मग आपण तो चांगला असल्याचं दाखवून पेटीचं हसं करू, एवढाच त्यांचा बेत.

तसंच झालं. काटा खाली आला नाही, थेंब गळला नाही. तरी साहेबांनी रेघ बघून पाइप बाद करायला सांगितलं. मेहुणा मात्र घुटमळला. पाइपातलं पाणी काढून टाकून तो कपलिंगपाशी उकिडवा बसला, रेघेकडे बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, आमच्या दाजींना एकदा हात लावू द्या. ते म्हणतील ते खरं."

होजमास्तर पुढे आले. कपलिंग पिळून पाहिलं. पेटीत खोट आहे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर होते. पण हा सगळ्यांदेखत आपल्याला मोठं करतोय, हे बघून त्यांनी ते गिळले.

"पाइप चांगला आहे, साहेब. रेघ मी हलवली."

साहेबांनी त्यांना खरपूस झापलं, पेटीवर मेहुण्याचं नाव पक्कं केलं आणि निघून गेले.

"रेघ जाड होती, दाजी. मी इतकी दाबून नाही मारत," मेहुणा पाइप गुंडाळत म्हणाला. "ताईला सांगणार नाही."

म्हणजे त्याला आधीच कळलं होतं. होजमास्तरांनी दुसरं टोक उचललं आणि गुंडाळू लागले. पोरगा मनानेही आपल्याहून मोठा निघाला, याचंसुद्धा त्यांच्या पोटात दुखलंच.